पोचल्याचं कार्ड

कोथरूड, पुणे ३८

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणाल. पण हे फोनवर काढलं की आई "असू दे गं, किती वर्षं झाली त्याला" म्हणून जेवणाचं विचारणार. म्हणून लिहितेय.

दिवाळीत तुमचं कपाट आवरताना पत्रांची ती तार सापडली. बाबा, खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही तिच्यात खुपसायचात, तीच. तळाशी मधोमध भोक पडलेलं माझं कार्ड होतं. १५ पैशांचं. मामानं ओढून दिलेल्या पेन्सिलीच्या रेघांवर माझं अक्षर : "सा. न. वि. वि. मी इथे सुखरूप पोचले. प्रवास छान झाला. मामा स्टँडवर आला होता. बाळाच्या कांजिण्या कशा आहेत? काळजी नसावी."

मुक्तानं ते हातात घेतलं. सा. न. वि. वि. म्हणजे "साष्टांग नमस्कार, विनंती विशेष", हे तिला सांगावं लागलं. कार्ड असं उघडंच जायचं, पोस्टमनला वाचता यायचं, याचं तिला फार नवल वाटलं. मग तिनं शिक्के पाहिले. वाईचा ९ मे १९८४, पुण्याचा १२ मे. "तू निघालीस कधी?" म्हणाली. मंगळवारी, ८ तारखेला. तिनं बोटं मोजली. "म्हणजे शनिवारपर्यंत आजीला माहीतच नव्हतं, तू पोचलीस की नाही?"

खरं सांगते, तोवर मी हा हिशोब कधी केलाच नव्हता.

धाकट्याला कांजिण्या आल्या म्हणून मला वाईला धाडलं होतं तुम्ही. मी नऊ वर्षांची. आईनं फ्रॉकच्या आतल्या खिशात दहाची नोट आणि बाबांच्या हातची चिठ्ठी सेफ्टी पिननं लावली. मामाचं नाव, गणपती आळी, वाई. मळमळलं तर आवळासुपारी. प्यायला फिरकीचा तांब्या. स्वारगेटला बाबांनी महाबळेश्वर गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, "पोरीला वाईला उतरवा, मामा येईल. नाहीच दिसला तर कंट्रोलरच्या खोलीत बसवा." अर्धं तिकीट काढलं. गाडी हलेपर्यंत तुम्ही खिडकीच्या गजांना धरून उभे होतात, बाबा. मला एस.टी. आवडायची. पहिली एस.टी. १९४८ साली पुण्याहूनच नगरला सुटली, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं होतं, की ती आपल्या घरचीच आहे असं वाटायचं. कात्रजच्या बोगद्यात मी सगळ्या पोरांबरोबर ओरडले. नीरेच्या पुलावरून नदीत पाच पैसे टाकले.

कार्डावर लिहिलंय तसा तो प्रवास छान झाला नव्हता. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

खंबाटकी घाटात निम्म्यावर इंजिन तापलं. वाफ येऊ लागली, सगळे उतरले. मेमधलं ऊन. दीडेक तास गेला असेल. मी दगडावर बसून रडायला लागले, तेव्हा कंडक्टर तिकिटांची पेटी बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसले. फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी सोडली, अर्धी मला दिली. वर ठेचा होता, तो त्यांनी बोटानं पुसून काढला, तिखट लागेल म्हणून. ते खाकी बाहीचं टोक आणि पंचनं काळं झालेलं बोट मला अजून दिसतं. साताऱ्याच्या दोन गाड्या भरून आल्या, न थांबता गेल्या. तिसरी थांबली. आमच्या कंडक्टरनी तिथल्या कंडक्टरला सांगितलं, "वाईची पोर आहे, एकटी आहे, हातात हात देऊनच सोडा." मला ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसवलं. ते इतकं तापलं होतं, की मी दप्तर खाली घेऊन बसले. सुरूर फाट्यावर ती गाडी सरळ साताऱ्याला जाणार होती. कंडक्टर स्वतः खाली उतरले, मागून येणारी वाई गाडी हात करून थांबवली, मला आत चढवलं, मगच डबल बेल दिली.

मामा बारापासून स्टँडवर होता. मी उतरले तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यानं मला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. रात्री कार्ड लिहायला बसवलं, तेव्हा म्हणाला, "छान झाला म्हण. उगाच त्यांच्या जिवाला घोर."

आणि आई, फिरकीचा तांब्या आजीकडे राहिला नव्हता. तो पहिल्या गाडीत विसरला. तुझ्या माहेरचा होता. तू दोनदा पत्रातून आजीला विचारलंस, आणि आजीनं "बघते" म्हणून लिहिलं. मी तिच्याशेजारी बसलेली असूनही गप्प राहिले.

हे सगळं आत्ता का, तर गेल्या शनिवारी मुक्ताची शाळेची सहल पाचगणीला गेली. पालकांचा ग्रुप, बसचा ठिपका फोनवर. मी कामं सोडून तो ठिपका पाहत होते. खंबाटकीत तो थांबला. बस त्याच जुन्या घाटानं वर चढत होती. चाळीस मिनिटं ठिपका हलेना. मी बाईंना चार फोन केले, एकही लागला नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. शेवटी मेसेज आला, पुढं ट्रक बंद पडलाय, सगळी मुलं मजेत आहेत. मी ओट्याला टेकून रडले.

चाळीस मिनिटं. आणि तुम्ही दोघं चार दिवस! वाड्यात फोन फक्त मालकांकडे, मामाकडे नाहीच. तुला तेव्हा आजारी बाळ घेऊन बसायचं होतं, बाबांना कामावर जायचं होतं. मी गेले आणि पोचलेच असेन, असं धरून तुम्ही जेवलात, झोपलात? की झोपला नाहीत? चौकातून पोस्टमनची हाक आली की कोण धावायचं? आई, शनिवारी कार्ड हातात आलं तेव्हा तू काय केलंस? मी महिन्यानं परत आले तेव्हा तू नेहमीसारखीच कणीक मळत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नव्हतं.

मला हे खरोखर ऐकायचंय, "झालं ते झालं" नको. रविवारी दुपारी मुक्ताला घेऊन येते. तिलाही सांगा. पाचगणीहून आल्यापासून ती मला त्या कंडक्टरचं नाव विचारतेय. तेव्हा नाव विचारायचं मला सुचलंच नाही. बाबा, स्वारगेटला तुम्ही बोललात त्यांच्याशी. तुम्हाला आठवतंय का?

पाकिटात एक कोरं कार्ड ठेवलंय, पत्ता घालून. पत्र मिळाल्याचं कळवा.

तुमची,
सुमी