बाबा, खुंटीवरचा कॅन आधी उतरवा

ह्यूस्टन, १८ मे

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओवर तुम्ही मागीलदारची पडवी दाखवलीत. खुंटीला टांगलेला वीस लिटरचा पेट्रोलचा कॅन आणि त्यातून जनरेटरच्या टाकीत सोडलेली पारदर्शक नळी. "आता रात्रभर बघायला नको," म्हणालात. तुम्ही इतके खुशीत होतात की तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा कॅन कशासाठी आला ते मला ठाऊक आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आपल्या पोफळी आडव्या झाल्या आणि पुढे कितीतरी दिवस लाईट नव्हते. तुम्ही रात्री दोन वाजता उठून, बॅटरी दातात धरून, तापलेल्या जनरेटरमध्ये नरसाळ्याने पेट्रोल ओतत होतात, हे आईने मला वर्षभराने सांगितलं. तेव्हापासून पाऊस जवळ आला की मला तेच दिसत राहतं. तुमचं ते उठणं बंद व्हायलाच हवं. फक्त ते या कॅनने नको.

माझ्याकडे अशी जादा टाकी आहे, म्हणून हे ठामपणे सांगते. २०२४च्या जुलैत इथे बेरिल वादळ आलं, तेव्हा ती मी वापरली. माझा होंडाचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर आहे. त्याची टाकी ३.६ लिटरची, आणि पाव लोडवर ती आठ तास पुरते. त्याचं मूळ झाकण काढून तिथे हवाबंद झाकण बसवायचं. त्या झाकणातून नळी बाहेरच्या अकरा लिटरच्या टाकीत जाते. जनरेटरच्या आत पेट्रोल ओढणारा छोटा पंप आहे. तो आतल्या टाकीतलं पेट्रोल ओढतो, झाकण बंद असल्याने तिथे पोकळी होते आणि ती पोकळी बाहेरच्या टाकीतलं पेट्रोल खेचून घेते. जेवढं जळेल तेवढंच येतं. बाहेरची टाकी जमिनीवर, जनरेटरच्या शेजारी असते. ती उंचावर ठेवायची नाही, हा त्यातला पहिला नियम. सुरू करताना आतली टाकी काठोकाठ हवी आणि बाहेरच्या टाकीचा हवेचा स्क्रू उघडा हवा.

तो स्क्रू मी पहिल्याच रात्री विसरले. अडीच वाजता इंजिन आचके देत बंद पडलं. बाहेर जाऊन पाहिलं तर लाल टाकीची बाजू किंचित आत ओढली गेली होती. स्क्रू फिरवला तसा फुस्स करून हवा आत शिरली. दुसऱ्या दिवशी तीच टाकी उन्हात राहिली आणि स्क्रू बंद होता, तर फुगली. तशीच जोडली असती तर त्या दाबाने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, घुसलं असतं. मुद्दाम तयार केलेल्या सामानाचीही इतकी राखण करावी लागते.

आता तुमचं यंत्र. त्याला पंपच नाही, बाबा. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. कॅन जमिनीवर ठेवला तर पेट्रोल वर चढणार नाही, म्हणून तुम्ही तो उंचावर टांगलात. विचार बरोबर आहे. पण आता वीस लिटर पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर आहे आणि नळी टाकीच्या उघड्या तोंडात आहे. एकदा नळी वाहू लागली की टाकी भरल्यावर ती थांबवणार कोण? ती थेट तापलेल्या सायलेन्सरवर ओसंडेल. मेस्त्रीकडून झाकण घट्ट करून घेतलंत, तरी सगळा भार कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या एका सुईवर येतो. तिच्या टोकाशी कचऱ्याचा कण अडकला की पेट्रोल वाहत राहतं, किंवा इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. कॅन नसताना असं झालं तर जनरेटरच्या टाकीत असेल तेवढंच सांडेल. कॅन लावल्यावर सगळा कॅन रिकामा होईल.

आणि त्या खुंटीपासून चार पावलांवर न्हाणीघराची चूल आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. आई पहाटे पाणी तापवायला चूल पेटवते. यापुढे मला काही लिहवत नाही.

ती पारदर्शक नळीही पेट्रोलची नव्हे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने साध्या नळ्या कडक होऊन तडकतात. इथेनॉल पाणीही धरतं, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळाभर साठवलेलं पेट्रोल दगा देतं.

मग रात्रीचं काय? तुमच्या वहीत तुम्हीच लिहिलं आहे: १० लिटरला साधारण ११ तास. लोड कितीही असो, तुमचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेणारच, कारण ५० हर्ट्झ त्याशिवाय मिळत नाहीत. दोन पंखे नि दोन दिव्यांसाठी रात्रभर ते चालवणं म्हणजे घोटभर पाण्यासाठी विहिरीचा पंप लावणं. टाकी वाढवून ही तहान भागणार नाही, म्हणून रात्री जनरेटर चालवायचाच नाही. घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी बसवू. जनरेटर संध्याकाळी सहा ते दहा आणि सकाळी दीड तास. तेवढ्यात विहिरीचा पंप, फ्रिज आणि बॅटरीचं चार्जिंग होईल. रात्री बॅटरीवर दोन कमी विजेचे बीएलडीसी पंखे. एकेक तीस वॉटच्या आसपास घेतो. फ्रिज रात्री उघडला नाही तर थंडावा बराच टिकतो. आई, तुझी वापरात असलेली इन्सुलिन माठाजवळच्या गार कोनाड्यात राहील, न उघडलेली फ्रिजमध्येच ठेव. डॉक्टरांना एकदा विचारून घे. हिशोब केला तर दिवसाला पाच लिटर. म्हणजे जो कॅन एक दिवसही पुरला नसता, तो चार दिवस जाईल.

जनरेटर पडवीतून हलवायचाच. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. इथे वादळ ओसरल्यावर घरालगतच्या जनरेटरने माणसं गेली आहेत, बेरिलनंतरही गेली. घरापासून निदान वीस फूट लांब, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड करा. जुन्या गोठ्याच्या पलीकडे जागा आहे. सायलेन्सरचं तोंड माडांकडे. वायरमनकडून चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांतलं एकच घराला जोडणारा स्विच, बसवून घ्या, नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल.

पेट्रोल भरताना इंजिन पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि तेव्हाच ऑइलची पट्टी बघा. जादा टाकीवर सलग तीस तास यंत्र चाललं की ऑइल बघायचं राहून जातं, हे मी माझ्या यंत्रावर पाहिलं आहे.

इन्व्हर्टर आणि पंख्यांचे पैसे तुमच्या खात्यात टाकले आहेत. दुकानदार शनिवारी येतील. भरलेला कॅन तुम्ही एकट्याने उतरवू नका, पंधरा किलो वजन आहे, गुडघा सांभाळा. शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. आई, कॅन उतरला की मला रिकाम्या खुंटीचा फोटो पाठव. तोवर मला झोप लागणार नाही.

तुमची,
बाय