तारीख अखेर नीट बाइंड झाली, सगळ्यांचे आभार

तीन दिवस अडकलो होतो, एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमधल्या वेब एपीआयला क्वेरी स्ट्रिंगमधून (यूआरएलमधल्या ? नंतरच्या भागातून) 05-08-2024 पाठवलं की महिना आधी धरला जाऊन 5 ऑगस्टऐवजी 8 मे यायचं आणि 25-08-2024 दिलं की थेट 400 एरर, म्हणजे विनंतीच चुकीची. कस्टम मॉडेल बाइंडर (आलेल्या मजकुराची कोडमधली तारीख बनवणारा, म्हणजे ती बाइंड करणारा भाग) लिहिला तरी तो कॉलच होईना. तुम्ही सांगितलंत की त्याचा प्रोव्हायडर (कुठला बाइंडर वापरायचा ते देणारा भाग) लिस्टच्या शेवटी नको, इन्सर्ट करून 0 वर टाका, कारण जो प्रोव्हायडर आधी बाइंडर देतो त्याचाच घेतला जातो, म्हणजे बिल्ट-इनवालाच तारीख पळवत होता! बाइंडरमध्ये तयार झालेली तारीख बाइंडिंग कॉन्टेक्स्टच्या रिझल्टमध्ये सेट करायची राहिलीय हेही तुमच्यातल्याच एकांनी पकडलं. रात्री साडेअकराला अनोळखी माणसाचा कोड कोण बघतं हो, तुम्ही मात्र ओळ न् ओळ बघितलीत. खरंच मनापासून थँक्यू!