शनिवारची लुईसवारी

मंडळी, येत्या शनिवारी लुईस एफसीचा (दक्षिण इंग्लंडातल्या लुईस गावचा फुटबॉल क्लब) घरचा सामना, दुपारी 3 वाजता. मैदानाचं नाव 'ड्रिपिंग पॅन', लुईस स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. लंडन व्हिक्टोरियाला 10.45 ला गाड्यांच्या फलकाखाली जमा. पावसात मैदान भिजलं तर सामना ऐनवेळी पुढे ढकलतात, म्हणून सकाळी ग्रुप पाहिल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. (मागच्या खेपेला तिघं नुसतेच डोंगर बघून परतले!)

बहुतेक जण उभ्यानंच बघतात आणि मध्यंतराला आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार तिकडे खुशाल सरकतात. कोल्हापूरकरांनी शाहू स्टेडियमचा आवाज जरूर लावावा. शिव्या मात्र घरी ठेवाव्यात, शेजारी पोरंटोरं असतात. 2017 साली महिला-पुरुष संघांना समान मोबदला सुरू करणारा हा क्लब, स्कार्फ तिथूनच घ्या.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव कळवा.