बिलावरचे दोन आकडे

मस्कत, दि. २ जून

प्रिय दादा आणि वैनी,

ती. आप्पांना आणि आईला साष्टांग नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

दादा, क्रेडिट कार्ड घरी आलं असं कळलं. त्याच्यासोबतचे कागद इंग्रजीत, बेळगावच्या बँकेतला माणूस कन्नडमध्ये सांगणार आणि आपण घरात मराठी वाचणार. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. वैनी, घरखर्चाचा हिशेब तुमच्याकडं असतो, तेव्हा तुम्हीही वाचा.

आधी तारखा समजून घ्या. समजा बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतंय आणि भरायची शेवटची तारीख ३० आहे. १२ जूनला खडेबाजारातनं ४०,००० रुपयांचा फ्रीज घेतला, तर तो १० जुलैच्या बिलात येतो आणि पैसे ३० जुलैपर्यंत भरायचे. म्हणजे ४८ दिवस बिनव्याजी. तोच फ्रीज ९ जूनला घेतला तर दुसऱ्याच दिवशी बिलात चढतो आणि हातात २१ दिवसच राहतात. मोठी खरेदी बिल निघाल्यावर दोन दिवसांनी करावी, ती यासाठी.

आता खरी गोष्ट. बिलावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. ‘टोटल अमाऊंट ड्यू’ म्हणजे पूर्ण रक्कम आणि ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’ म्हणजे साधारण पाच टक्के. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज लागतंच, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून.

फ्रीजचाच हिशेब मांडतो. ३० जुलैला मिनिमम म्हणून २,००० भरले. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. बऱ्याच कार्डांवर दर याच्या आसपास असतो. १२ जूनपासून ४८ दिवसांचं ४०,००० वर व्याज २,२०९ रुपये. पुढं १० ऑगस्टपर्यंत ११ दिवसांचं ३८,००० वर ४८१. दोन्ही मिळून २,६९०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४८४. ऑगस्टच्या बिलात येणार ४१,१७४ रुपये! दोन हजार भरूनही बाकी मूळ किमतीपेक्षा अकराशेनं जास्तच. शिवाय बाकी असेपर्यंत नवीन खरेदीला एकही दिवस बिनव्याजी मिळत नाही; किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज. सोसायटीचं कर्जसुद्धा इतकं महाग पडत नाही, दादा. म्हणून एखाद्या महिन्यात अडलंच, तर आधी सोसायटीकडं जा, पण कार्डावर बाकी ठेवू नको.

खात्यातनं आपोआप पैसे जायची सोय करशील, तेव्हा तिथंही हेच दोन पर्याय येतात. ‘टोटल’वर खूण कर. पुष्कळ जणांची चूक इथंच होते: ‘मिनिमम’वर खूण राहते आणि बिल वेळेवर जातंय असं वाटत राहतं. हातानं भरायचं असेल तर तीन दिवस आधी भर. दुसऱ्या बँकेतनं गेलेली रक्कम जमा व्हायला कधीकधी वेळ लागतो.

एटीएममधनं या कार्डावर रोख काढू नका. साधारण अडीच टक्के फी, आणि व्याज पहिल्याच दिवसापासून. कार्ड घासून दोन टक्के कापून रोख देणारा दुकानदार भेटला तरी नको म्हणा. बँकेला कळलं तर कार्ड बंद होऊ शकतं. शहापूरच्या सराफाकडं दागिना घेताना ‘कार्डाला जादा लागतील का’ हे आधी विचारा, जादा असतील तर यूपीआयनं द्या. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बसतो, तो विचारूनच सही करा.

मर्यादा एक लाखाची असली तरी तीस हजारांच्या आत राहा. कायम काठोकाठ वापरलं तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो आकडा, खाली येतो, आणि पुढं घराचं कर्ज काढताना तो आडवा येईल.

आज एक काम करच. ॲप उघडून परदेशी व्यवहार बंद ठेव. टॅप करून देणंही बंद ठेव, कारण ५,००० पर्यंत पिनसुद्धा विचारत नाहीत. ऑनलाइन खरेदी करायची असेल तेव्हाच तो पर्याय चालू कर.

‘लिमिट वाढवून देतो’ असा फोन आला तर बोलणारा मराठी असो की कन्नड, ओटीपी सांगायचा नाही आणि पाठवलेलं ॲप टाकायचं नाही. आपण न केलेला खर्च दिसला, तर लगेच कार्ड ब्लॉक करून बँकेत लेखी तक्रार द्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नुकसान आपल्यावर येत नाही. पण ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला.

कार्ड नकोसं वाटलं, तर सगळी बाकी फेडून बंद करायचा अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. अर्जाची पोच जपून ठेवा.

पहिलं बिल आलं की कार्डाचा नंबर झाकून पहिल्या पानाचा फोटो पाठव, दादा. रविवारी फोनवर ओळ न् ओळ बघू.

तुझा,
धाकटा