चाचा, त्या पावलीसाठी

आदरणीय चाचा,

सलाम. समोर आले की तुम्ही आभाराचं बोलूच देत नाही, चहा मागवता. म्हणून तुम्ही मला जुनी नाणी जमवायला शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर पत्र.

सात वर्षांपूर्वी आजीच्या उतरंडीतल्या गाडग्यात निघालेले तांब्याचे नऊ हाली, म्हणजे निजामाच्या राज्यातले, पैसे घेऊन मी तुमच्याकडे आले. आदल्या रात्री ते चिंच लावून घागरीसारखे लख्ख घासले होते. तुम्ही एक उचललात, खिडकीकडं धरलात आणि हळूच खाली ठेवलात. "बेटी, इतक्या वर्षांत चढलेला रंग तू एका रात्रीत उतरवलास. आता यांना धुवायचं सुद्धा नाही." रागावला नाहीत. वही काढून मला उर्दू आकडे गिरवायला बसवलंत. सात वर तोंड उघडलेला, आठ खाली, पाच उलट्या बदामासारखा, शून्य म्हणजे नुसता ठिपका. शिवणकाम करणाऱ्या बाईला नाण्यांसाठी हे शिकवायला परभणीत दुसरं कोण बसलं असतं?

महिन्याला दोनशेच रुपये बाजूला पडायचे. तुम्ही म्हणालात, सगळ्या जगाची नाणी नको, एकच घराणं धर. निजामाची धर, आपल्याकडं ती अजून घराघरांत, मोडीत निघतात. दहा झिजलेली घेण्यापेक्षा वाचता येईल असं एक घे. सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशेब आजीच्या तोंडी होता, हाली 1959 पर्यंत चालला हे तुमच्याकडून कळलं.

आणि नाण्यावरच्या चारमिनारच्या दारातलं उर्दू अक्षर! दारात मीम असेल तर सहावे निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर 1911 साली गादीवर आलेले उस्मान अली खान. सराफाच्या मोडीच्या वाटीत मीमची चांदीची पावली, म्हणजे पाव रुपया, दिसली, तेव्हा माझा हात थरथरत होता. चांदीच्या भावात मिळाली, त्या महिन्याचे दोनशेही पुरते गेले नाहीत. मागच्या दिवाळीत एकानं तिचे त्या भावाच्या तिप्पट देऊ केले. दिली नाही.

बाजारात एक जण राम-सीतेचं, 1818 सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं पाच हजाराला देत होता. मी घरून पैसे आणायला निघालेही होते. कंपनीनं असं नाणं पाडलंच नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर दोन वर्षांहून जास्त काळाची बचत गेली असती. पैठणकडच्या शेतात सापडलेलं शिशाचं नाणं एक ओळखीचा स्वस्तात देत होता, तेही तुम्ही घेऊ दिलं नाहीत. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, हा कायदा 1878 पासून आहे, हे त्यालाही तुम्हीच समजावलंत. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटत नाही.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तांब्याला हिरवं सुटतं म्हणून तुम्ही दिलेली कागदी पाकिटं मी अजून वापरते. माझ्या संग्रहाच्या पहिल्या पानावर ते घासलेले नऊ पैसे आहेत. ते तिथून हलवणार नाही.

रविवारी येते. एक अधेली, अर्धा रुपया, मिळालीय, दारातलं अक्षर झिजलंय. मला ऐन वाटतो, पण भिंग तुमच्याकडं आहे.

तुमची बेटी