चिनी मुळीबाबत राहून गेलेली सूचना

पाळीच्या तक्रारींवरील चिनी वनौषधींविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. 'दांगग्वेई' ही मुळी नैसर्गिक असल्याने निर्धोक आहे, हे त्यातील विधान मात्र पटले नाही. चिनी वैद्य ती सहसा एकटी देत नाहीत. 'सि-वू-तांग' या काढ्यात तिच्यासोबत आणखी तीन द्रव्ये असतात. ऑनलाइन मिळते ती बहुधा नुसत्या या मुळीची कॅप्सूल. अमेरिकेतील १९९७ च्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या ७१ स्त्रियांपैकी काहींना ही मुळी एकटीच २४ आठवडे दिली असता, अंगातून वाफा येण्याच्या त्रासावर ती औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाही. त्याहून गंभीर म्हणजे, रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन हे औषध घेणाऱ्या स्त्रीला या मुळीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. लेखात याविषयी एक ओळही नाही, खरेदीची माहिती मात्र चौकटीत आहे.

– एक वाचक, ठाणे