‘मला जमणारच नाही’

महोदय,

दहावीला एकतीस वर्षे गणित शिकवले. ‘मला जमणारच नाही’ हे वाक्य पोरे परीक्षेच्या कितीतरी आधीपासून मनात घोकत असतात. हळूहळू चेहरा उतरतो, वही उघडवत नाही, चांगले बोलके मूल चिडचिडे होते. ‘त्याचा स्वभावच तसा’ असे घरचे म्हणतात. मला हे कधीच पटले नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये असेच आपोआप उमटणारे विचार टिपले, आणि ते तपासून बदलता येतात यावर उपचारपद्धतीच उभी केली. मी वहीच्या शेवटच्या पानावर मुलांना तो विचार लिहायला लावत असे, समोर ‘हे खरे आहे का?’ याचे उत्तर. ‘काहीच येत नाही’ असे लिहिणाऱ्या एका मुलीने समोर लिहिले, ‘वर्गसमीकरणे येतात, भूमितीत अडते.’ त्या दिवसापासून ती भूमितीच्या शंका विचारू लागली.

शाळांनी आठवड्यातली एक तासिका यासाठी द्यावी, ही कळकळीची विनंती. ज्या मुलांची उदासी यानेही हटत नाही, त्यांच्या पालकांनी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोलावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा